तोंडातला धूर

पुण्याहून ईमेल आला तेव्हा दामिनी एका पुढाऱ्याचं पोट कमी करत होती.

शहाद्याला एसटी स्टँडसमोर तिच्या काकांचं, मोतीलाल पाटलांचं, फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या बॅनरवरचं पोट कमी करणं, केस वाढवणं, पाठीमागे वाघ उभा करणं ही खाती दामिनीकडे. उरलेल्या वेळात ती चित्रकथा काढायची. नाव 'कोयतावाली'. लेखन पवन पावरा, चित्रं दामिनी पाटील, सोळा पानं, झेरॉक्सवर काढलेली, मधोमध दोन पिना. वर्षभरात चार अंक निघाले होते आणि चारही अंकांचे गठ्ठे दुकानातल्या शाईच्या डब्यांमागे सुखात होते.

ईमेल चित्रकथांच्या एका वेबसाइटचा होता. 'स्वतंत्र चित्रकथाकारांचं सरत्या वर्षाचं मनोगत' असा विशेष विभाग ते काढणार होते. प्रश्न तीन. या वर्षातला सर्वांत समाधानाचा क्षण कोणता? वाचकांचा प्रतिसाद कसा होता? या वर्षानं तुम्हाला काय शिकवलं? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, एखाद्या वाचकासोबतचा फोटो जोडावा. मुदत एकतीस डिसेंबर.

दामिनीने पुढाऱ्याला तसंच अर्ध्या पोटाचं सोडलं आणि पवनला फोन लावला.

पवन तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचा. घर धडगावच्या वर, सातपुड्यात. घरी पावरी, गावात अहिराणी, पण एम.ए. झाल्यापासून त्याने प्रमाण मराठीत बोलायचं व्रत घेतलं होतं आणि भाजीवाल्याशीसुद्धा ते मोडत नव्हता. "मला अर्धा किलो वांगी अपेक्षित आहेत," असं तो खरोखर म्हणाला होता. भाजीवाल्याने त्याला निवडणुकीच्या ड्युटीवरचा साहेब समजून चांगली वांगी दिली होती.

रविवारी दुपारी अर्धं शटर पाडून दोघं दुकानात बसले. पवनने नवी वही आणली होती.

"पहिला प्रश्न," तो म्हणाला. "समाधानाचा क्षण."

दामिनी छताकडे बघत बसली. पवन वहीकडे. बाहेर कंडक्टर 'नंदुरबार, नंदुरबार' ओरडत होता. दोन गाड्या सुटल्या.

"दुसरा घे," दामिनी म्हणाली.

"वाचकांचा प्रतिसाद."

"तो चित्रकलाना मास्तर. त्याले दिन्ता ना आपू अंक?"

दिला होता. मास्तरांनी तो आठवड्याने परत केला होता, लाल पेनाने शुद्धलेखन तपासून. शेवटच्या पानावर 'प्रयत्न बरा, अक्षर सुधारा' असा शेरा आणि सही.

"तो प्रतिसाद नव्हे, तो निकाल होता," पवन म्हणाला.

"मंग बॅनर?"

बॅनरचं पवनसमोर काढायचं नाही असं ठरलेलं होतं. दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर कोयतावाली एक पाय दगडावर ठेवून, कोयता उगारून उभी होती. मोतीलालकाकांना ती पोज फार आवडली. त्यांनी दामिनीला न विचारता कोयतावालीचं डोकं काढून त्या जागी एका पुढाऱ्याचं बसवलं, साडीचं धोतर केलं आणि कोयत्याच्या जागी मोबाइल दिला. असे नऊ बॅनर शहाद्यात महिनाभर लागले होते. दामिनीचं सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेलं चित्र तेच.

"तिसरा प्रश्न, वर्षानं काय शिकवलं," पवन घाईघाईने म्हणाला.

"मी सांगू? तू राग नको धरू. तुन्हा फुगा मन्हा मानसेसना डोकावर बठी ऱ्हायनात."

फुगे म्हणजे चित्रातल्या माणसांच्या तोंडातून निघणारे बोलण्याचे फुगे. भांडण जुनंच होतं. पवनचा संवाद म्हणजे सभेतलं भाषण. 'हे शोषका! माझ्या घामाच्या प्रत्येक थेंबात उद्याचा सूर्य तळपतो आहे, याची तुला जाणीव आहे काय?' एवढं सगळं एका चौकटीत मावायचं तर माणसं अंगठ्याएवढी काढावी लागत. चौथ्या अंकात एका पानावर नुसता फुगाच होता आणि कोपऱ्यात कोयतावालीचे दोन पाय.

"तुझी माणसं काही बोलत नाहीत म्हणून मला बोलावं लागतं," पवन म्हणाला.

"तू बोलू देस का त्यासले?"

"आणि तिसऱ्या अंकात मी 'कोयतावाली भांडवलाला जाब विचारते' असं लिहिलं, तेव्हा तू काय काढलंस? कोट घातलेली मगर."

"भांडवल कशं दिखस ते तू सांगं नव्हतं."

शेवटी दोघांनी समजूतदारपणे खोटं लिहायचं ठरवलं. पवनने तासाभरात दीड पान लिहून काढलं. त्यात 'तळागाळातल्या वाचकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' होता, 'अनुभवाची धग' होती, 'माती' सात वेळा होती. दामिनीला ते वाचून आपण बरंच काही केलंय असं वाटायला लागलं. मग तिची नजर त्या बारीक अक्षरांकडे गेली.

"फोटोनं काय? वाचक कोठून आनशी?"

पवनने वही मिटली. मग म्हणाला, "फुई."

फुई म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण, फुलवंताबाई. कोयतावाली तिच्यावरूनच बेतलेली होती. फुलवंताबाईने बावीस हंगाम गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोड केली होती. यंदा गुडघ्याने दगा दिला म्हणून ती पहिल्यांदाच दिवाळीनंतर घरी राहिली होती. आपल्यावर चार अंक निघालेत हे तिला माहीत नव्हतं. पवनला ते एक दिवस समारंभाने सांगायचं होतं, हार वगैरे घालून. तो दिवस काही आला नव्हता.

"तिले वाचता येस का?"

"नाही. पण फोटोत कुठे कळतं?"

दामिनीने घरी सांगितलं की धडगावला एका दवाखान्याच्या बोर्डाचं माप घ्यायला जायचंय. ते खरंही होतं. बुधवारी सकाळी पवनच्या मोटरसायकलवर ते निघाले. म्हसावद सोडल्यावर घाट लागला आणि पवनचं बोलणं सुरू झालं. फुईला काय सांगायचं, कसं सांगायचं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर काय करायचं, असं सगळं तो हेल्मेटमधून मागे ओरडून सांगत होता. दामिनीला अर्धंच ऐकू येत होतं आणि तेवढं तिला पुरत होतं.

फुलवंताबाई अंगणात तूर झोडपत बसली होती. शेजारची धनुबाई आणि आणखी दोघी तिच्या मदतीला होत्या. फुईचा नवरा दिवाल्या भिंतीच्या सावलीत दोरी वळत होता. तो बोलत नसे. फुई बोलायची ते दोघांना पुरायचं. ती घरी पावरी बोलायची, बाजारात अहिराणी, टोळीत गुजराती, आणि रागावली की तिन्ही. दामिनी पाहुणी दिसल्यावर तिने अहिराणी काढली.

"हाई कोन? बायको करी आना का?"

"नाही फुई, ही दामिनी. ही माझ्यासोबत पुस्तक काढते."

"बरं. पानी पे माय. मंग पुस्तक काढ."

पाणी झालं, चहा झाला. पवनने खाकरून पिशवीतून पहिला अंक काढला आणि दोन्ही हातांनी फुईला दिला. बायका तूर सोडून भोवती जमल्या. दामिनीने मोबाइल तयार ठेवला. फुईने फक्त अंक उघडून बघावा, फोटो निघावा आणि उन्हं उतरायच्या आत घाट उतरून जावं, एवढीच तिची इच्छा होती. पण फुलवंताबाईने अंक उघडला तो वाचायलाच. तिला एक अक्षर येत नव्हतं आणि त्याने तिचं काही अडलंही नाही.

पहिल्या चौकटीत कोयतावालीवर वीज पडते आणि तिच्या अंगात शक्ती येते. विजेच्या रेघा आभाळभर, बाईचे केस ताठ उभे.

"हाई बाई न्हायेल शे," फुलवंताबाईने जाहीर केलं. "उन्हमा केस सुकाडी ऱ्हायनी. ऊन कितलं कडक शे देखा."

बायकांनी माना डोलावल्या. पवन म्हणाला, "फुई, ते ऊन नाही, ती..."

"थांब रे. पुढे हाऊ बैल उना."

तो शोषकासुर होता. दामिनीने त्याला दोन शिंगं आणि जाकीट दिलं होतं, हातात चाबूक.

"बैलले जाकीट कसाले?" धनुबाईने विचारलं.

"थंडी शे ना," फुलवंताबाई म्हणाली. "आनि शेपटी हातमा धरेल शे. पोट देख त्यानं. दुसराना ऊस खाई टाका मेल्याने. आते पोट फुगनं. बाई घाबरनी."

पुढची चौकट. कोयतावाली तोंड उघडून गर्जना करते आहे, तोंडातून मोठा थोरला फुगा, त्यात नऊ ओळी. फुलवंताबाईने पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"हाई तोंडमातून धूर काय निंघी ऱ्हायना?"

उत्तरही तिनेच दिलं.

"बिडी पी ऱ्हायनी," ती म्हणाली. "न्हायनी आनि बिडी पेटाडी." पान उलटलं. "बैलबी पी ऱ्हायना! देख, देख, सगळा धूर काढी ऱ्हायनात. ह्या झाडना मांगेना मानूस बी. पवन, तुन्हा पुस्तकमा इतल्या बिड्या कोन देस यासले?"

दामिनीला हसू आवरेना. तिने तोंडावर ओढणी धरली. पवन रागाने लाल झाला होता. पण फुलवंताबाई आता रंगात आली होती. पुढच्या चौकटीत शोषकासुर छाती काढून उभा होता. तिने ते चित्र बघितलं, अंक धनुबाईच्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात टेकत उठली. मग तिने पोट पुढे काढलं, दोन्ही अंगठे कमरेत खोचले आणि फेंगड्या पायांनी अंगणातून चालायला लागली. चालता चालता मान डावीकडे झटकून थुंकल्यासारखं करायची आणि गुजरातीत म्हणायची, "चालो, चालो, सूरज माथे आव्यो!"

धनुबाईने किंकाळी फोडली. "आपला टोळीना सुपडू मुकादम!"

दिवाल्याच्या हातातली दोरी सुटली. आल्यापासून दामिनीला त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला, तोही हसण्याचा. तो बारीक, शिट्टीसारखा होता. त्यानंतर बैल जे जे बोलला ते सुपडू मुकादमाच्या आवाजात बोलला. बैलाला जुलाब लागले. बाईने लाथ घातली तेव्हा बैलाने तिला आई म्हटलं. शेवटच्या पानावर कोयतावाली शोषकासुराच्या छातीवर पाय ठेवून उभी होती. तिथे फुलवंताबाईने सांगितलं की आता ती त्याचं पोट चोळते आहे, कारण काही झालं तरी बैल घरचा.

बायका डोळे पुसत होत्या. पवनने मात्र अंक हातातून काढून घेतला.

"फुई, ही तू आहेस," तो म्हणाला.

"कोन?"

"ही बाई. कोयतावाली. तुझ्यावर लिहिलंय मी. चार अंक लिहिलेत. हा बैल नाही, शोषण आहे."

फुलवंताबाईने अंक परत मागून घेतला. आता ती हसत नव्हती. तिने त्या बाईकडे बराच वेळ बघितलं.

"मन्हं नाक आसं शे का?" तिने दामिनीला विचारलं.

"नही मावशी. मी तुमले दखेलच नव्हतं."

"आनि हाई कोयता आसा काब्र धरस? आभाळ तोडनी का हाई?"

तिने घरातून आपला कोयता मागवला. पातं घासून घासून अर्धं उरलेलं, मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी. अंगणाच्या कडेला ज्वारीची वाळकी ताटं उभी होती, तिथे ती गेली. गुडघ्यामुळे तिला बसता येत नव्हतं म्हणून पाय फाकवून ती कंबरेतून वाकली, जवळजवळ दुहेरी झाली. डाव्या हाताने ताट धरलं, उजवा हात जमिनीच्या अंगाने गेला. आवाज फारसा झालाच नाही. ताट बुडातून तुटून तिच्या हातात आलं होतं.

"बुडमा तोडनं पडस. साखर बुडमा ऱ्हास," ती वाकूनच म्हणाली. "वर धरीसन कोन तोडस? मनगट मोडी जाई." मग उठून पवनकडे वळली आणि पावरीतून काहीतरी बोलली. दामिनीला ते समजलं नाही. पवनने मान खाली घातली.

नंतर घाटात तिने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. फुई म्हणाली होती, तू उसाच्या फडात कधी आलाच नाहीस. आम्ही तुला आश्रमशाळेत घातलं ते तू येऊ नये म्हणूनच. मग हे सगळं तुला कुणी सांगितलं? मला का नाही विचारलं?

अंगणात मात्र त्याने काही भाषांतर केलं नाही. दामिनीने पिशवीतून वही काढली आणि फुलवंताबाईला म्हणाली, "मावशी, परत वाका ना जरासं." फुलवंताबाईने शिवी दिली आणि वाकली. दामिनी काढत गेली. पाठ, कंबर, जमिनीकडे गेलेलं डोकं. चार अंकांत तिने एकही वाकलेलं माणूस काढलं नव्हतं. तिच्या सगळ्या बायका ताठ उभ्या होत्या, बॅनरवरच्या पुढाऱ्यांसारख्या. वाकलेली पाठ काढायला अवघड गेली. तिने सहा पानं खराब केली. सातव्यावर धनुबाई म्हणाली, "आते हाई फुलवंती दिखस."

निघताना फोटोची आठवण झाली. फुलवंताबाईने अंक धरला आणि समोर बसलेल्या धनुबाईला तो बैल पुन्हा दाखवायला लागली. त्याच वेळी दामिनीने बटण दाबलं. फोटोत चार बायका तोंडं उघडून हसताहेत आणि मागे पवन, नुकताच नापास झाल्यासारखा.

 म्हसावदला चहाला थांबले तेव्हा दामिनीच म्हणाली, "तिनी गोष्ट तुन्हापेक्षा बरी शे."

"माहीत आहे मला."

"मन्हापेक्षाबी बरी शे. मी बैल काढा नव्हता तरी तिले बैल दिखना."

"मग आता मी काय करायचं?" पवन म्हणाला.  "फुगे काढून टाकले तर माझं त्यात उरतं काय?"

 दामिनीने त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

दोन दिवसांनी पवन स्वतःच दुकानात आला. दीड पानाचं मनोगत त्याने फाडून टाकलं होतं. नवी उत्तरं त्याने उभ्या उभ्या सांगितली आणि दामिनीने टाइप केली. पहिलं: 'समाधानाचा क्षण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. त्याआधी वर्षभर नव्हता.' दुसरं: 'वाचकांचा प्रतिसाद असा की आमच्या कथेत सगळी पात्रं बिडी ओढतात.' तिसऱ्या प्रश्नाला मात्र तो खाली बसला. "लिही," तो शेवटी म्हणाला, "की ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी विचारावं. एवढी साधी गोष्ट शिकायला आम्हाला चार अंक लागले, त्याबद्दल झाडांची माफी." हे सगळं तो अहिराणीत बोलला होता आणि त्याचं प्रमाण मराठी दामिनी करत होती. दामिनीच्या ते टाइप करताना लक्षात आलं. तिने त्याला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो लगेच थांबला असता.

वेबसाइटवाल्यांचं उत्तर आलं. मनोगत खूप आवडलं, फक्त फोटो दुसरा पाठवता येईल का, कारण वाचक महिलेने अंक उलटा धरला आहे. दामिनीने लिहिलं, 'उलटा नाही. समोर बसलेल्या बाईसाठी सुलटा आहे.' फोटो तसाच लागला. खाली मथळा होता, 'वाचनसंस्कृतीची पालवी'. पवनने तो वाचला आणि म्हणाला, असलंच मी लिहीत होतो ना?

पाचवा अंक जानेवारीत निघाला. त्यात एकही फुगा नव्हता. बाई न्हाते, केस सुकवते, बैल दुसऱ्याचा ऊस खाऊन येतो, पोट फुगतं, आणि पुढचं फुलवंताबाईने सांगितलं तसं. बाई बहुतेक चौकटींत वाकलेली होती. मुखपृष्ठाच्या आत नावं होती: 'गोष्ट – फुलवंताबाई. चित्रं – दामिनी. मोटरसायकल – पवन.' ती ओळ पवननेच लिहिली होती, आणि पुऱ्या अंकात छापलेले शब्द तेवढेच होते.

हा अंक शाईच्या डब्यांमागे गेला नाही. धडगावच्या बाजारात धनुबाईने नेलेल्या प्रती दुपारपर्यंत संपल्या. लोक अंक उघडून एकमेकांना गोष्ट सांगत होते आणि प्रत्येक जण वेगळी सांगत होता. एका दुकानदाराच्या मते बैल हा ग्रामसेवक होता. एका म्हातारीला तो तिचा जावई वाटला. पवन मोबाइल घेऊन फिरला आणि त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. कुणालाही दुरुस्त केलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं, पण मिटलं.

मग एक दिवस दुकानासमोर पिकअप थांबली. पोट पुढे, अंगठे कमरेत, फेंगड्या पायांनी एक माणूस आत आला. दामिनीने त्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं तरी ती त्याला लगेच ओळखून चुकली. त्याच्या हातात पाचवा अंक होता. ती उठून उभी राहिली. पवन कोपऱ्यात पिना मारत होता, त्याच्या हातातला स्टेपलर तसाच राहिला.

"हाई पुस्तक कोन काढस?" सुपडू मुकादमाने विचारलं.

"मी काढते काका," दामिनी म्हणाली. 

"लोकं म्हनतस हाऊ बैल मी शे."

"बैल आहे काका. नुसता बैल."

मुकादमाने मान डावीकडे झटकली. अंक टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. "माले आठे बाईने लाथ मारेल शे. खरं व्हतं ते. दोन हजार सोळामा. फुलवंतीनेच मारेल. पन मी रडा नव्हतो. तुम्ही डोळामा पानी काढं."

"तो घाम आहे," पवन कोपऱ्यातून म्हणाला.

मुकादमाने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तू फुलवंतीना भाचा ना? एम.ए.वाला?"

"हो."

"तिले सांग, यंदा टोळीमा मजा नही. कोनी मन्ही नक्कल करत नही. दिवसभर नुसता ऊस तोडतस." त्याने टोळीसाठी म्हणून चार अंक उचलले आणि निघाला. दारात थांबला. "बारडोलीले जाई ऱ्हायनो परवा, टोळीना पडावले. भाजी लई जास गाडीमा. येस का?"

सुपडू मुकादम चांगला माणूस होता असं नाही. फुलवंताबाईने लाथ उगीच मारली नव्हती. ती का मारली हे तिने दामिनीला नंतर एकदा सांगितलं, आणि ते सांगताना तिने नक्कल केली नाही. पण पवनने त्या दिवशी फार विचार केला नाही. त्याने कॉलेजात दहा दिवसांची रजा टाकली आणि कोबीच्या गोण्यांवर बसून बारडोलीकडे गेला.

दामिनीला पहिले तीन दिवस त्याचा काहीच निरोप आला नाही. चौथ्या दिवशी फोन आला. मागे बायकांचा आवाज, कुणीतरी ओरडत होतं.

"कशं शे?" दामिनीने विचारलं.

"पहाटे उठाडतस. पाठ वाकस ती सरळ व्हतच नही," पवन म्हणाला. "दामिनी, चार बाया मन्हा मांगे शेतस. मी तोडस ते त्या परत तोडतस. बुडखा उंच ऱ्हास म्हने मन्हा."

"काही लिखं का?"

"हात उघडत नही. ठेव आते, मुकादम उना."

तो परत आला तो थेट धडगावची गाडी पकडून वर गेला. दामिनी पुढच्या अंकाची चित्रं दाखवायला आधीच तिथे पोचली होती. फुलवंताबाई दारात बसून लसूण सोलत होती. पवन तिच्यासमोर उकिडवा बसला. काळवंडला होता, गालावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते.

"कितला तोडा?" तिने विचारलं.

"आठ दिवसमा? तुन्हा एक दिवसना अर्धा नही, फुई."

"हात दखाड."

त्याने दोन्ही पंजे पुढे केले. उजव्या हातावर फोड फुटून साल निघालं होतं, बोटांच्या बुडाशी कडक पिवळे गोळे आले होते. फुलवंताबाईने ते हात आपल्या मांडीवर घेतले, अंगठ्याने दाबून पाहिले. जिथे दुखत होतं नेमक्या तिथेच दाबले. पवन "आई गं" म्हणाला. तिने आत जाऊन तेल आणलं आणि हळद, आणि लावायला बसली.  दामिनीला वाटलं आता ही रडणार.

फुलवंताबाईने मान वर केली आणि कुंपणापलीकडे हाक मारली.

"धनू! ए धनू! लवकर ये. एम.ए.ना हात देखाले ये!"

धनुबाई आली. आणखी दोघी आल्या. पवनने हात मागे घेतले नाहीत. त्या एकेक करून वाकल्या, बघितलं, बोट लावून पाहिलं, आणि आपापल्या पहिल्या हंगामाचं सांगायला लागल्या.